‘अनाथ’ शब्द व आश्रमांचीं दप्तरें

सनदा, महजर व वंशावळी यांचें मोल संग्राहकांस सांगावें लागत नाहीं. परंतु एकोणिसाव्या शतकांतील अनाथाश्रमांचे कागद हातीं आले, तर ते अर्वाचीन व किरकोळ समजून बाजूस टाकले जातात. जे ते वाचतात, तेहि पुष्कळदां ‘अनाथ’ ह्या एका शब्दानें फसतात. म्हणून त्या शब्दाचा येथें थोडा विचार करूं.

संस्कृतांत नाथ म्हणजे रक्षणकर्ता; ज्यास तो नाहीं तो अनाथ. आईबाप मृतच असले पाहिजेत, असा त्याचा अर्थ नव्हे. जोतीराव फुले यांनीं १८६३ मध्यें पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. तेथें प्रसूत होणारी विधवा हयातच असे. लोकलज्जेमुळें मात्र तिला मूल आपलें म्हणतां येत नसे. पंढरपुरास १८७५ मध्यें लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानें निघालेला आश्रमहि अशाच टाकलेल्या अर्भकांसाठीं होता. धोंडो केशव कर्वे यांच्या १८९६ च्या अनाथ बालिकाश्रम मंडळींतील ‘बालिका’ म्हणजे मुख्यत्वें विधवा. त्यांपैकीं कित्येकींस माहेरहि होतें. उलट, १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून आणलेल्या मुलींत मातापितृहीन मुली होत्या, तशाच बालविधवाहि होत्या. सारांश, शब्द एक, पण स्थिति निरनिराळ्या.

आतां सरकारी कायदा पाहूं. १८५० च्या १९ व्या कायद्यानें १० वर्षांवरील व १८ वर्षांखालील मूल करार करून एखाद्या धंद्याच्या उमेदवारीस बांधून देतां येई. मुदत ७ वर्षांहून अधिक नसावी, असा निर्बंध होता. करार बापानें किंवा पालकानें करावयाचा. परंतु मूल पोरकें असेल, किंवा आईबापांनीं टाकलेलें असेल, तर मॅजिस्ट्रेटास पालकाचा अधिकार असे. धर्मादायांत वाढलेल्या मुलाच्या बाबतींत तो संस्थेच्या चालकांसहि होता. म्हणजे मुलानें सुतार व्हावें कीं लोहार, हें ठरविणारा ‘नाथ’ कागदावर नेमला जाई.

यास्तव अशा दप्तरांत तीन गोष्टी प्रथम पाहाव्या: मूल कोणीं आणून दिलें, कोणत्या कारणानें दिलें, आणि पुढें कोणाच्या सहीनें कोठें गेलें. नुसतें ‘अनाथ’ पाहून वंशवृक्षांत ‘आईबाप मृत’ असें लिहूं नये. तसें केल्यास हयात असलेल्या आईचा शोध घेण्याची वाटच बंद होते.

ज्या मुलास कुळ, गोत्र व गांव यांपैकीं कांहींच सांगतां येत नव्हतें, त्याची दाखलबुकांतील ती एक ओळ हीच त्याची वंशावळ होय. उद्यां त्याचा नातू ती शोधीत आला, तर ती रद्दींत गेलेली नसावी, एवढीच संग्राहकांस आमची विनंती आहे.