मांजराचा त्रिकोण का बिघडतो?

सातवीतल्या मुलाला सांगा, पडद्यावरच्या मांजराकडून समभुज त्रिकोण काढून घे. तो मनाशी जुळवणी करतो: बाजू तीन, प्रत्येक कोन 60 अंशांचा. ‘100 पावलं पुढे जा’ आणि ‘उजवीकडे 60 अंश वळ’ हे दोन ठोकळे तो एकाखाली एक लावतो, त्यांच्याभोवती ‘3 वेळा कर’ हा ठोकळा अडकवतो आणि हिरवा झेंडा दाबतो. मांजर चालतं, वळतं, चालतं, वळतं, थांबतं. त्रिकोण काही होत नाही. तोंड उघडं राहिलेली एक अर्धवट आकृती तेवढी दिसते. मग बरीच मुलं 3 च्या जागी 6 घालून बघतात, आणि समोर नीटनेटका षटकोन उभा राहतो. मागितला होता त्रिकोण!

मांजराचं काही चुकलेलं नसतं. वहीत आपण मोजतो तो त्रिकोणाच्या आतला कोन. रेषेवरून चालणाऱ्याला वळावं लागतं ते मात्र बाहेरच्या कोनातून. आतला कोन 60 अंशांचा, म्हणजे बाहेरचा 120. पुस्तकातला बाह्यकोन इथे आपल्या पायांनी वळून समजतो. आणखी एक गोष्ट हाती लागते ती अशी, की कोणतीही साधी बंद आकृती फिरून पुन्हा मूळ दिशेला तोंड करायचं तर एकूण 360 अंश वळावंच लागतं. तीन बाजूंना 120, चारांना 90, सहांना 60. चौरसापासून सुरुवात केली तर ही गोम कळतच नाही, कारण तिथे आतला कोनही 90 आणि वळण्याचाही 90. म्हणून शिक्षकांना माझं सांगणं असतं, चौरस लवकर आटपा आणि त्रिकोणापाशी मुलांना अडू द्या.

हे मांजर ‘स्क्रॅच’ या आज्ञावलीतलं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक यांच्या गटाने ती तयार केली आणि 2007 साली सगळ्यांना फुकट खुली केली. तिच्यात सूचना टंकाव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे ओढून एकमेकांत बसवायचे. रंगांचं कौतुक फार होतं, पण खरी करामत आकारात आहे. सुरुवातीच्या ठोकळ्याचा माथा गोलसर असतो, त्यामुळे त्याच्या वर काही बसत नाही. खरं-खोटं सांगणारा ठोकळा षटकोनी आणि तो षटकोनी खाचेतच बसतो. ‘जर’च्या खाचेत एखादी संख्या कोंबायला गेलं तर ती आत जातच नाही. थोडक्यात, व्याकरणाची चूक करायला जागाच ठेवलेली नाही.

लिहिण्याच्या प्रोग्रॅमिंगमध्ये नवशिक्याचा दम निघतो तो इथेच. एखादा अर्धविराम राहिला, कंस उघडला आणि मिटला नाही, की संगणक इंग्रजीत चार ओळींची तक्रार करतो आणि काम बंद पडतं. मुलाचा विचार बरोबर होता की चूक, हे कळायची पाळीच येत नाही. ठोकळ्यांनी ही किरकोळ चूक बाजूला काढली आणि विचारातली चूक तेवढी शिल्लक ठेवली. वर सांगितलेला त्रिकोण त्याच जातीचा. संगणक ‘चूक’ असा शेरा मारत नाही. सांगितलं तेवढं मुकाट्याने करून दाखवतो आणि मुलाला आपला विचार समोर चालताना दिसतो.

या कल्पनेचं मूळ बरंच जुनं आहे. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले गणितज्ञ सेमूर पॅपर्ट 1958 ते 1963 या काळात जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्यासोबत होते. मूल ज्ञान ओंजळीत घेत नाही, स्वतः रचतं, हे त्यांनी तिथून उचललं. 1967 मध्ये त्यांनी वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासह ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा घडवली. पुढे तिला कासव जोडलं गेलं: जमिनीवर फिरणारं, कागदावर रेघ ओढत जाणारं एक यंत्र. कासव अडलं की पॅपर्ट मुलांना म्हणत, तू स्वतः कासव हो आणि चालून बघ. तो काळ असा, की संगणक म्हणजे खोलीभर यंत्र आणि त्याला हात लावणारे मोजके तज्ज्ञ. तिथे मुलाने संगणकाला शिकवावं म्हणणारा हा माणूस अनेकांना वेडाच वाटला असणार.

आता हे कासव झरी जामणीच्या शेतात उतरवू. यवतमाळ जिल्ह्याचा हा तालुका तेलंगणाच्या सीमेवर, पैनगंगेच्या अलीकडे. कपाशीचा मुलूख. इथल्या मुलाला कापूस कसा लावतात हे सांगावं लागत नाही, म्हणून पहिला मोठा प्रोग्रॅम त्याचाच करावा. समजा, शेतात 40 तासं आहेत आणि प्रत्येक तासात 60 जागी सरकी टोबायची आहे. ‘बी टाक, पुढे सरक’ हे 60 वेळा. झालं एक तास. हे सगळं पुन्हा 40 वेळा. म्हणजे फेऱ्याच्या पोटात फेरा. स्क्रॅचमध्ये पेनच्या ठोकळ्यांत ‘ठसा उमटव’ असा एक ठोकळा असतो. तेच आपलं बी. मोठ्यांच्या अभ्यासक्रमात यालाच ‘नेस्टेड लूप’ म्हणतात आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलं तिथे हमखास अडखळतात.

पण गंमत धुऱ्यावर आहे. तास संपलं की वळायचं कसं? मूल लिहितं: उजवीकडे वळ, एका तासाचं अंतर चाल, पुन्हा उजवीकडे वळ. पहिल्या तासाच्या शेवटी हे झकास जमतं. दुसऱ्या तासाच्या शेवटी तीच सूचना मांजराला परत पहिल्या तासावर नेऊन उभं करते! चाळीस तासं राहिली बाजूला, ते त्याच दोन तासांत घिरट्या घालत राहतं. शेतात औत धरणारा असं कधी करणार नाही. तो एका धुऱ्यावर उजवीकडे वळतो, पलीकडच्या धुऱ्यावर डावीकडे. म्हणजे फेऱ्याचा एकक एक तास नसून तासांची जोडी आहे: जाताना एक, येताना एक, आणि अशी जोडी 20 वेळा. शेतात पायाने वावरलेलं मूल ही दुरुस्ती पुस्तकावर वाढलेल्या मुलाच्या आधी करील, असा माझा अंदाज आहे.

जाता जाता आणखी एक खोच. 60 बियांमध्ये अंतरं किती? 59. शेवटचं बी टाकल्यावरही मांजर एक पाऊल पुढे जातं आणि धुऱ्याबाहेर पडतं. एकाने चुकणारा हा हिशेब प्रोग्रॅमरांना नोकरीतही सोडत नाही.

यातला बहुतेक भाग पटांगणात चुन्याच्या रेघांवर करता येतो. एक मूल यंत्र होतं, दुसरं सूचना देतं, आणि यंत्राने स्वतःची अक्कल वापरायची नाही एवढा एकच नियम. न्यूझीलंडच्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवायचे असे कितीतरी खेळ बांधले. आपल्याकडे एसीएम इंडिया या संस्थेने 2016 मध्ये ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम सुरू केला. त्याचा भरही संगणक नसलेल्या वर्गावर आहे आणि साहित्य मराठीतही आहे. लिथुआनियात 2004 साली सुरू झालेली ‘बेब्रास’ ही कोड्यांची स्पर्धा भारतात आणली ती याच उपक्रमाने.

मग ठोकळ्यांनी मुलं खरंच शिकतात का? याची उत्तरं एका सुरात येत नाहीत, आणि ते बरंच आहे. अमेरिकेतले डेव्हिड वाइनट्रॉप आणि उरी विलेन्स्की यांनी हायस्कूलच्या दोन वर्गांची पाच आठवडे तुलना केली. ठोकळे वापरणारा वर्ग संकल्पनांत पुढे गेला आणि त्याची पुढे शिकण्याची इच्छाही वाढलेली दिसली. नंतर दोन्ही वर्ग जावा ही लिहिण्याची भाषा शिकू लागले. दहा आठवड्यांनी फरक पुसला गेला होता. म्हणजे ठोकळे दार उघडतात. पुढची वाट सर्वांना सारखीच चालावी लागते.

याहून जुना एक धक्का आहे. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमध्ये रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी 1984 च्या सुमारास लोगो शिकलेली मुलं तपासली. नियोजनाच्या कामात ती इतर मुलांपेक्षा सरस ठरली नाहीत. प्रोग्रॅमिंग आलं की तर्कबुद्धी आपोआप वाढते, या समजाला त्याने सुरुंग लागला. चार वर्षांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात डेव्हिड क्लार आणि शॅरन कार्व्हर यांनी वेगळं करून पाहिलं. लोगो शिकवताना त्यांनी चूक कशी शोधायची हेच पायरीपायरीने शिकवलं: हवं होतं काय, झालं काय, फरक नेमका कुठे, तो कोणत्या सूचनेतून आला असेल. या मुलांना मग संगणकाबाहेरच्या लेखी सूचनांतल्या चुकाही चांगल्या सापडू लागल्या. मला हा निष्कर्ष सर्वांत मोलाचा वाटतो. फायदा साधनातून झिरपत नाही. चुकीपाशी थांबून ती कशी धरायची हे कोणीतरी मुद्दाम शिकवावं लागतं.

लॉकडाऊनच्या काळात सहा-सात वर्षांच्या मुलांना ‘कोडिंग’ शिकवून अब्जाधीश करणाऱ्या जाहिरातींचा पूर आला होता. त्या जाहिरातींतल्या मुलाचा त्रिकोण कधी चुकलेला दिसला नाही.

साधनं वाटून काय होतं याचा एक प्रयोग महाराष्ट्रातच झाला. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही चळवळ पॅपर्ट यांच्याच विचारांवर उभी होती. 2007 मध्ये तिचा भारतातला पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत सुरू झाला. पहिली ते चौथीची वीसेक मुलं, एक गुरुजी आणि हिरव्या-पांढऱ्या रंगाचे, उन्हातही पडदा वाचता येईल असे छोटे लॅपटॉप. कासवाकडून चित्रं काढून घ्यायची सोय त्यांत होतीच. केंद्राच्या शिक्षण खात्याने आदल्या वर्षीच या योजनेला नकार दिला होता, आणि पुढे ती देशभर पसरली नाही. पेरूने मात्र लाखोंनी लॅपटॉप घेतले. तिथल्या 319 ग्रामीण शाळांच्या पाहणीचा 2012 मधला अहवाल सांगतो, की गणित आणि भाषेच्या गुणांत काही फरक पडला नाही. शिक्षकांना हाताशी न धरता पेटारे पोचवले की असं होतं, असं मी त्यातून वाचतो.

याच्या उलट टोकाची उदाहरणं मुंबईत आहेत. आयआयटी मुंबईत प्रा. श्रीधर अय्यर यांच्या गटाने ‘कॉम्प्युटर मस्ती’ नावाची पाठ्यपुस्तकं केली आणि कोणालाही उतरवून घेता येतील अशी खुली ठेवली. त्यात तेजस, ज्योती आणि त्यांचा मित्र मोझ आहे. विचाराची सवय आधी, सॉफ्टवेअर मागाहून. स्क्रॅचही त्याच ओघात येतं. दुसरीकडे धारावीत नवनीत रंजन यांच्या ‘धारावी डायरी’ प्रकल्पातल्या मुलींनी एमआयटीच्याच ‘ॲप इन्व्हेंटर’ या ठोकळ्यांच्या साधनाने मोबाइलची ॲप बांधली. एक संकटात सापडलेल्या बाईला मदत मिळवून देणारं, एक सार्वजनिक नळावर आपल्या घरची पाळी आली की कळवणारं. पाण्याची रांग ज्यांच्या वाट्याला येते त्यांनाच हे ॲप सुचणार.

झरी जामणीत अडचण भाषेपासून सुरू होते. कोलाम आदिवासींच्या पोडावरचं, म्हणजे वस्तीवरचं, मूल घरी कोलामी बोलतं, शेजारी गोंडी आणि तेलुगू कानावर पडते, आणि शाळेत पहिल्याच दिवशी मराठी. त्याच्यावर इंग्रजी सूचनांचे ठोकळे लादले तर आकारांची सगळी करामत वाया जाते. मोठ्या स्क्रॅचमध्ये ठोकळ्यांवरची भाषा बदलता येते, पण लहानांसाठी त्याहून चांगली सोय आहे. 2014 साली आलेलं ‘स्क्रॅच ज्युनिअर’ पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी बेतलेलं आहे. त्याच्या ठोकळ्यांवर शब्दच नाहीत, फक्त बाण आणि चित्रं. शिवाय स्वतःचा आवाज नोंदवायचा ठोकळा आहे. म्हणजे पडद्यावरचं पात्र कोलामीत बोलू शकतं, आणि त्यासाठी फाँट लागत नाही की कीबोर्ड. ॲप एकदा टॅबलेटवर घातलं की ते वापरायला इंटरनेटही लागत नाही.

उणीव एवढीच, की त्यात ‘जर-तर’ नाही आणि संख्या साठवून ठेवायची जागाही नाही. सहावीच्या आसपास मोठ्या स्क्रॅचकडे वळावं लागतं. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही कोडिंग याच टप्प्यावर आणायला सांगितलं आहे. मोठं स्क्रॅचही संगणकावर एकदा उतरवून घेतलं की बिनाइंटरनेटचं चालतं. त्याचा पडदा 480 गुणिले 360 चा, शून्य मधोमध, डावीकडे आणि खाली ऋण संख्या. नववीच्या निर्देशक भूमितीच्या आधी तीन वर्षं मुलं तिच्यात वावरलेली असतात.

यंत्रं थोडी असली तर दोघांत एक द्यावं. एकाच्या हातात माउस, दुसऱ्याने फक्त सांगायचं आणि चूक पकडायची. दहा मिनिटांनी अदलाबदल. वेळ गुरुजींनी घड्याळ लावून मोजावी, नाहीतर माउस दांडग्या पोराकडेच राहतो आणि मुली तासभर बघत बसतात. मूल अडलं की गुरुजींचा हात माउसकडे जातो, तो आधी आवरावा. त्याला विचारावं, तुला काय हवं होतं आणि मांजराने काय केलं. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या गुरुजींनाही हे दोन प्रश्न विचारता येतात.