अधिकारी व्हायचे, तर अकरावीला विषय कोणते?

दहावीचा निकाल लागला की गावोगाव आईबाप विचारतात, “पोराला लष्करात अधिकारी व्हायचंय, विषय कोणते घ्यावेत?”

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत बारावीनंतर प्रवेश मिळतो, २०२२ पासून मुलींनाही. राहणे, जेवण, शिक्षण सरकारी खर्चाने होते. नौदल व हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवेच. भूदलाला कोणतीही शाखा चालते. पण तेवढ्यावर गणित सोडू नका. लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गणिताचे असतात आणि तो पेपर सर्वांनाच द्यावा लागतो.

ही संधी हुकली, तर पदवीनंतर सीडीएस परीक्षा आहे. डेहराडूनच्या भूदल प्रबोधिनीला कोणतीही पदवी चालते, कृषीचीसुद्धा. चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीसाठी तर गणिताचा पेपरच नसतो. ती मुलींनाही खुली आहे. नौदल मात्र इंजिनिअरिंगची पदवी मागते. हवाई दलाला तीच पदवी चालते. दुसरी असेल, तर बारावीला भौतिकशास्त्र व गणित झालेले असावे लागते.

म्हणून कृषी पदवीचा विचार असला तरी अकरावीला जीवशास्त्राबरोबर गणितही घ्यावे. दोन्ही वाटा मोकळ्या राहतात.

अर्ज पुष्कळ येतात, निवड थोड्यांचीच होते. तेव्हा मुलाची आवड पाहा आणि वर्दी मिळाली नाही तरी जिच्यावर घर चालेल, अशीच पदवी निवडा. सगळे रान एकाच पिकाखाली घालू नये, हे शेतकऱ्याला वेगळे काय सांगायचे?