साठवून न ठेवता येणारं औषध

सिडनीत अणुभट्टी आहे म्हटल्यावर चेंबूरची मावशी दचकली. तिच्या शेजारी ट्रॉम्बे आहे, ते मात्र तिच्या अंगवळणी पडलंय! आमच्या ब्लॅकटाउनपासून लुकास हाइट्स बऱ्यापैकी लांब. तिथली 'ओपल' भट्टी 2007 साली सुरू झाली. ती विजेसाठी नाही, तर संशोधन आणि औषधांसाठी आहे.

तिथे तयार होणाऱ्या मॉलिब्डेनम-99 पासून टेक्नेशियम-99एम मिळतं. हाडांच्या, हृदयाच्या स्कॅनसाठी नसेतून टोचतात ते हेच. मॉलिब्डेनम 66 तासांत निम्मं होतं. म्हणजे सोमवारी सकाळी सहाला भरलेलं बुधवारी मध्यरात्री अर्धं! टेक्नेशियमचं तर सहा तासांतच. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना बॅकअपची सवय. इथे बॅकअप कपाटातच विरतो.

इथे आली असताना आईचा बोन स्कॅन झाला, तेव्हा तिचा एकच प्रश्न होता, "नातवाला जवळ घेऊ ना रे?" त्या दिवशी जरा लांब राहा, असं नर्सने सांगितलं होतं. चोवीस तासांत सोळावा हिस्साच उरतो, हे गणित मी मांडलं तेव्हा कुठे ती निवांत झाली.

ही औषधं बनवायची प्रयोगशाळा बांधणं मोठं कोड्याचं काम आहे. इंजेक्शन निर्जंतुक हवं, म्हणून खोलीत हवेचा दाब बाहेरपेक्षा जास्त ठेवतात. धूळ आत येत नाही. किरणोत्सारासाठी नेमकं उलटं: दाब कमी, म्हणजे आतलं बाहेर जात नाही. सोवळंही पाळायचं आणि ओवळंही कोंडायचं! मग शिशाच्या जाड भिंतींची पेटी कमी दाबाची, भोवती स्वच्छ खोली, मध्ये दुहेरी दारं. माणूस काचेबाहेर उभा राहून यांत्रिक हातांनी काम करतो. बाहेर जाणारी हवा गाळूनच सोडतात.

लुकास हाइट्सची 'बिल्डिंग 23' मुळात 1950च्या दशकातली. 2018 मध्ये तिथल्या कन्व्हेयर पट्ट्यात बिघाड झाला आणि देशभर तुटवडा पडला. सरकारने 2021 मध्ये नव्या इमारतीची घोषणा केली. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भट्ट्या आणि वाशीचं 'ब्रिट' हेच काम करतात.

पण नवी इमारत तयार झाली, की जुनीला कुलूप लावून मोकळं होता येत नाही. नव्या जागेतल्या औषधाच्या चाचण्या होऊन मंजुरी मिळेपर्यंत जुनी चालू ठेवावीच लागते, कारण उद्या सकाळच्या स्कॅनचं औषध आजच बनवायचं असतं.