अंतर्गळ व त्यावरील शस्त्रक्रिया

ज्या रोगाचें नांव चारचौघांत घेण्यास माणसें लाजतात, त्याविषयीं कुटुंबांतील सर्वांच्या हातीं पडणाऱ्या मासिकांत लिहावें कीं नाहीं, असा प्रश्न कांहीं वाचकांस पडेल. आम्हांस तो पडत नाहीं. घरांतील वडीलधारे पुरुष कमरेस पट्टा कसून वर्षानुवर्षें गप्प बसतात, आणि तान्ह्याच्या जांघेंतला फुगवटा प्रथम आईस दिसला तरी तो सासूबाईंच्या कानावर घालण्यास तिला धीर होत नाहीं. अंतर्गळानें जीं माणसें दगावतात, त्यांतील बरीच या संकोचापायीं.

आपल्या प्राचीन वैद्यांस हा रोग उत्तम ठाऊक होता. सुश्रुतसंहितेंत वृद्धीचे जे सात प्रकार आहेत त्यांतील अंत्रवृद्धि ती हीच. ओझें वाहणें, बलवानाशीं झुंजणें, झाडावरून पडणें अशा आयासांनीं ती होते. दाबली असतां आवाज करीत वर जाते व सोडतांच पुन्हा फुगते, हें तेथील वर्णन आजच्या शस्त्रवैद्यासही मान्य व्हावें इतकें नेमकें आहे. मात्र अंडकोशांत उतरलेली अंत्रवृद्धि त्याच ग्रंथांत असाध्य म्हटली आहे, हेंही पूर्वजांच्या अभिमान्यांनीं वाचावें. तिच्यावर भरंवशाचा उपाय सांपडण्यास १८८७ साल उजाडलें. त्या सालीं इटलींतील पादुआचे शस्त्रवैद्य एदोआर्दो बास्सिनी यांनीं जांघेची मागची भिंत टांक्यांनीं बळकट करण्याची आपली रीत प्रसिद्ध केली.

लहान मुलांचा अंतर्गळ व मोठ्यांचा अंतर्गळ यांचें मूळच निराळें. मुलगा गर्भांत असतां त्याचे वृषण पोटांतून खालीं उतरतात व आपल्याबरोबर उदराच्या अस्तराची एक चिंचोळी पिशवी ओढून आणितात. ती जन्माच्या सुमारास मिटावयाची. उघडी राहिली तर त्या वाटेनें आंतडें खालीं येतें. स्नायु दुर्बल नसतात, म्हणून पिशवी मोकळी करून तिचें तोंड वर बांधलें कीं पुरतें. जाळी लागत नाहीं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हें अधिक आढळतें. मुलींतही तें होतें, आणि त्या गांठींत कधीं बीजांडकोशही उतरलेला असतो. बाळाच्या अंडकोशांत नुसतें पाणी सांठलें असेल तर तें बहुधा दीड-दोन वर्षांत आपोआप ओसरतें. अंतर्गळ मात्र ओसरत नाहीं. दिव्यापुढें धरून पाहण्याची घरगुती परीक्षा येथें फसवी आहे, कारण तान्ह्याचें आंतडेंही प्रकाशांत पाण्यासारखेंच उजळतें.

बाळ रडतें तेव्हां दिसणारी गांठ दवाखान्यांत पोंचेपर्यंत नाहींशी होते, आणि आईचा भ्रम ठरतो. अशा वेळीं मोबाइलवर घेतलेलें छायाचित्र फार उपयोगी पडतें. पण गांठ कठीण झाली, आंत जाईना, बाळ सारखें रडूं लागलें, हिरवट ओकारी झाली किंवा पोट फुगलें, तर घटकाभरही थांबूं नये. आंतडें अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटत असतो. हें भय पहिल्या वर्षांत सर्वांत अधिक, म्हणून "मोठा झाला म्हणजे पाहूं" हा सल्ला कितीही मायेचा असला तरी घातक आहे.

मोठ्यांत भिंतच झिजलेली असते. जुनाट खोकला, मलावरोध, लघवीस कुंथणें यांचा तिच्यावर भार पडतो. वैद्य रोग्यास उभें करून खोकावयास सांगतात व बोटांनीं धक्का पाहतात. बहुतेकांचें निदान एवढ्यानें होतें, शंका असेल तेव्हां सोनोग्राफी. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील लिक्टेनस्टाइन यांनीं भिंत ओढून न शिवतां तिच्यावर कृत्रिम धाग्याची जाळी बसविण्याची पद्धति रूढ केली, आणि रोग उलटण्याचें प्रमाण पुष्कळ घटलें. पण जाळी महाग. धुळें जिल्ह्यांतील दोंडाईच्याचे डॉ. टोणगांवकर यांनीं मच्छरदाणीचें कापड निर्जंतुक करून तेंच वापरलें व २००३ सालीं सहकाऱ्यांसह आपला अनुभव इंडियन जर्नल ऑफ सर्जरींत मांडिला. पुढें युगांडांत सुमारें तीनशें पुरुषांवर अशाच स्वस्त जाळीची महाग जाळीशीं तुलना झाली. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत वर्षभरानंतर दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाहीं. पुण्याचे डॉ. देसरडा यांनीं तर रोग्याच्याच स्नायुपटलाची पट्टी वापरून जाळीवांचून भिंत उभारण्याची रीत २००१ सालीं प्रसिद्ध केली. या कामाची वार्ता आपल्या सुशिक्षित घरांत फारशी नसावी, याचें आम्हांस नवल वाटतें.

प्रत्येक प्रौढास तत्काळ शस्त्रक्रिया हवीच असें नाहीं. त्रास नसलेल्या पुरुषांनीं वैद्याच्या नजरेखालीं वाट पाहिली तर आंतडें एकाएकीं अडकण्याचा धोका अल्प असतो, असें अमेरिकेंतील २००६ सालच्या प्रयोगांत दिसलें; तथापि त्यांतील बहुतेकांनीं पुढें दहा वर्षांच्या आंत, मुख्यतः दुखूं लागल्यामुळें, शस्त्रक्रिया करून घेतलीच. स्त्रियांना ही सवलत नाहीं. त्यांच्यांत मांडीच्या मुळाशीं उतरणारा अंतर्गळ अधिक असतो व तो लवकर अडकतो. पट्टा भोंक बुजवीत नाहीं. आंत न जाणाऱ्या गांठीवर तो आवळणें तर स्वतःचेंच आंतडें चिरडणें होय.

शस्त्रक्रियेनंतर रोगी बहुधा त्याच दिवशीं हिंडूं लागतो. कांहीं आठवडे मात्र घागर, गॅसची टांकी किंवा नातवंड उचलूं नये.