कुंपणावरचा सागरगोटा आणि मुलांचे जंत

पालघर, बोईसर, तारापूर या किनारपट्टीच्या भागातील शेतकऱ्यांस सागरगोट्याची काटेरी वेल परिचित आहे. संस्कृतात हिला लताकरंज म्हणतात. काटेरी शेंगेत एक-दोन राखी, गुळगुळीत व दगडासारखे कठीण बी असते. ते पाण्यावर तरंगते व समुद्राच्या प्रवाहाबरोबर दूरच्या किनाऱ्यावर जाऊन रुजते. मुली खेळतात ते सागरगोटे हेच.

बी भाजून, कवच फोडून आतील मगज जंतांवर व हिवतापावर देण्याची चाल जुनी आहे. मगज इतका कडू, की एकदा घेतलेले मूल पुन्हा सहजी तोंड उघडत नाही. प्रयोगशाळेत याच्या अर्काची परीक्षा गांडुळांवर झाली आहे. पण गांडूळ म्हणजे आतड्यातील जंत नव्हे. मुलांसाठी निर्धोक व पुरेशी मात्रा माणसांवरील चाचण्यांनी ठरलेली नाही. म्हणून वैद्याच्या सल्ल्यावाचून तो मुलांस देऊ नये व त्याच्या भरवशावर गोळी टाळू नये.

ही गोळी अल्बेंडॅझोलची. २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या कार्यक्रमात १ ते १९ वर्षांच्या मुलांस ती शाळा व अंगणवाडीतून विनामूल्य मिळते. एक ते दोन वर्षांच्या बालकास अर्धी, चुरून. मोठ्यांनी चावून खावी. मूल आजारी असल्यास त्या दिवशी देऊ नये.

गोळीने पोटातील जंत जातात, मातीतील राहतात. अंकुशकृमीची अळी ओलसर, सावलीच्या मातीत वाढते व अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरते. पुढे तो कृमी आतड्यास चिकटून रक्त शोषतो. मूल फिकट पडते, अभ्यासात मागे राहते. उघड्यावर शौचास बसणे बंद झाल्यावाचून हे चक्र तुटत नाही. ग्रामसेवकांनी घरच्या औषधास हसू नये. आजीबाईंशी बोलणे त्यावरूनच सुरू होते. मात्र पायांत चप्पल आहे की नाही, हेही पाहावे.

कुंपणासाठी मात्र सागरगोटा निःशंक लावावा. आकडेदार काट्यांमुळे गुरे आत शिरत नाहीत. कवच कठीण असल्याने बी तसेच पेरल्यास उगवण्यास फार वेळ लागतो. म्हणून त्याची एक बाजू दगडावर घासून, रात्रभर पाण्यात भिजवून पावसाच्या आरंभी बांधावर टोकावे. वेल पायवाटेपासून दूर ठेवावी व दरवर्षी छाटावी. एरवी ती शेजाऱ्याच्या बांधावर चढते व तंटा होतो.