कला-विकलांचा लपंडाव

ता. २ मे २००० रोजीं अमेरिकन सरकारनें उपग्रहांच्या स्थानदर्शक संकेतांत मुद्दाम ठेवलेली अशुद्धि काढून टाकली. दुसऱ्याच दिवशीं ऑरेगॉन प्रांतांत, पोर्टलंडनजीक, डेव्ह उल्मर नामक गृहस्थानें एक बादली रानांत अर्धवट पुरून तिचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केले. आंत नोंदवही, पेन्सिल व किरकोळ वस्तु होत्या. 'जिओकॅशिंग' या खेळाचा उगम तो हा. पुढें हायस्कुलांतील मुलांचे संघ पाडून त्याचे सामनेहि होऊं लागले.

यांतील खरी परीक्षा गणिताची आहे. त्या बादलीचे अक्षांश उत्तर ४५ अंश १७.४६० कला. कलेचा सहस्रांश म्हणजे जमिनीवर जेमतेम दोन मीटर! जो संघ हाच आंकडा १७ कला ४६ विकला असा वाचील, तो साडेपांचशे मीटरांहून अधिक उत्तरेस जाऊन झुडुपें धुंडाळीत बसेल. शेवटच्या कांहीं पावलांवर तर यंत्रहि थकतें. तेथें डोळे उघडे ठेवणारा गडीच संघाला तारतो.

आम्हीं तीस वर्षें भूगोल शिकविला. उज्जयिनीची मध्यरेषा संस्कृताच्या तासालाहि सांगितली. मात्र "आपल्या शाळेचे अक्षांश किती?" असें एकदां एका मुलानें विचारलें, तेव्हां "परीक्षेंत येत नाहीं" म्हणून आम्हीं त्याला खालीं बसविलें. तें उत्तर आम्हांसच ठाऊक नव्हतें.

परवां नातीनें अंगणांत उभें राहून मोबाइलवर घराचे अक्षांश काढले व दशांशांच्या विकला करावयास आम्हांस बसविलें. वाचकहो, आम्ही दोनदां चुकलों.