घरातलं माणूस आजारी पडलं की कुत्र्या-मांजरांना आधी कसं कळतं?

घरात कुणीतरी ताप येऊन झोपलेलं असतं. एरवी दाराची बेल वाजली की घर डोक्यावर घेणारा कुत्रा त्या दिवशी पलंगाच्या पायथ्याशी गुपचूप बसून राहतो. एरवी कुणाच्या हाताला न लागणारी मांजर नेमकी त्याच माणसाच्या पोटाशी येऊन वेटोळं करून झोपते. ज्यांच्या घरात कुत्रं-मांजर आहे, त्यांच्याकडे अशी एक तरी गोष्ट असतेच. आणि गोष्ट सांगून झाली की शेवटचं वाक्यही ठरलेलं असतं, "मुक्या जनावराला सगळं कळतं हो!"

पण सगळं म्हणजे नक्की काय कळतं? आणि कशावरून कळतं? हा निव्वळ मायेचा भाग आहे, की यात काही विज्ञानसुद्धा आहे?

गंमत म्हणजे डॉक्टर आणि शास्त्रज्ञ गेली तीसेक वर्षं याच प्रश्नाच्या मागे लागलेत. आणि याची सुरुवात झाली ती एका तिळापासून.

पॅन्टवरून तीळ हुंगणारी कुत्री

साल होतं १९८९. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या दोन डॉक्टरांनी 'द लॅन्सेट' या नामवंत वैद्यकीय नियतकालिकाला एक छोटंसं पत्र लिहिलं. त्यांच्याकडे ४४ वर्षांची एक महिला आली होती. तिच्या मांडीवर एक तीळ होता. तसे तिच्या अंगावर बाकीचेही तीळ होते, पण तिची कुत्री त्या एकाच तिळाच्या मागे लागली होती. कॉली आणि डॉबरमन यांच्या संकरातली ही कुत्री रोज काही मिनिटं तिथेच नाक लावून बसायची. बाईंनी पॅन्ट घातलेली असली, तर पॅन्टवरूनसुद्धा. एकदा बाईंनी शॉर्ट्स घातली होती, तेव्हा तर कुत्रीने तो तीळ चावून काढायचाच प्रयत्न केला.

शेवटी बाई डॉक्टरकडे गेल्या. तीळ काढून तपासला, तर तो मेलानोमा निघाला. मेलानोमा म्हणजे त्वचेचा एक घातक कॅन्सर. वेळेत सापडला म्हणून उपचार करता आले.

एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही, हे त्या डॉक्टरांनाही माहीत होतं. पण त्यांनी एक शक्यता मांडली. कॅन्सरला स्वतःचा असा काही वास असेल का? आपल्या नाकाला न येणारा, पण कुत्र्याच्या नाकाला येणारा?

आधी नाकाचं गणित समजून घ्या

आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण पन्नास-साठ लाख असतात, असा अंदाज आहे. कुत्र्याच्या नाकात, जातीप्रमाणे, हाच आकडा दहा कोटींपासून तीस कोटींपर्यंत सांगितला जातो. शिवाय मेंदूचा वास समजून घेणारा भागही शरीराच्या मानाने आपल्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

त्याच्या नाकाची बनावटसुद्धा वेगळी आहे. आत घेतलेल्या हवेचा एक हिस्सा फुप्फुसात न जाता फक्त वास घेण्यासाठी नाकाच्या मागच्या भागात जातो. श्वास सोडताना हवा नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींमधून बाहेर पडते, त्यामुळे समोरून येणारा नवा वास पुसला जात नाही.

आता दुसरी बाजू बघा. आपलं शरीर सतत वास सोडत असतं. श्वास, घाम, लघवी, त्वचेवरचं तेल या सगळ्यांतून शेकडो प्रकारची रसायनं हवेत मिसळत असतात. शरीरात काही बिघडलं की या रसायनांचं प्रमाण बदलतं. साधं उदाहरण घ्या. डायबिटीस हाताबाहेर गेलेल्या पेशंटच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. हा वास डॉक्टरांनाही येतो, कारण तो तेवढा तीव्र असतो. कुत्र्याला त्याच्या कितीतरी पट सौम्य बदल कळतात.

म्हणजे तुम्हाला काय झालंय हे कुत्र्याला कळत नाही. पण कालचा तुमचा वास आणि आजचा तुमचा वास यातला फरक त्याला कळतो. आणि घरातल्या माणसाचा वास तर त्याला तोंडपाठ असतो.

निरोगी म्हणून घेतलेला नमुना आणि सहा कुत्रे

२००४ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी याची नीट चाचणी घेतली. सहा कुत्र्यांना सात महिने शिकवलं. समोर लघवीचे सात नमुने ठेवायचे, त्यातला एक मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशंटचा. तो हुडकायचा. नुसत्या नशिबावर सोडलं असतं, तर १४ टक्के वेळा उत्तर बरोबर आलं असतं. कुत्र्यांचं ४१ टक्के वेळा बरोबर आलं. ५४ पैकी २२ वेळा.

पण खरी गोष्ट पुढे आहे. प्रशिक्षण चालू असताना सगळे कुत्रे एका वेगळ्याच नमुन्यापाशी थांबायला लागले. तो नमुना ज्या माणसाचा होता, त्याच्या तपासण्यांमध्ये कॅन्सर दिसला नव्हता. म्हणून तर तो 'कॅन्सर नसलेला' म्हणून घेतला होता. कुत्रे काही ऐकेनात, तेव्हा डॉक्टरांनी त्या माणसाची पुन्हा कसून तपासणी केली. त्याच्या किडनीत कॅन्सरची गाठ सापडली!

या संशोधनात डॉ. क्लेअर गेस्ट या वर्तनतज्ज्ञ होत्या. पुढे २००८ साली त्यांनी 'मेडिकल डिटेक्शन डॉग्ज' ही संस्था सुरू केली. वर्षभरात त्यांची डेझी नावाची लॅब्रॅडॉर कुत्री त्यांच्याच छातीवर पुन्हापुन्हा नाक आपटायला लागली. दुखलं म्हणून त्यांनी हात लावून बघितलं, तर गाठ लागली. तपासणीत ती गाठ साधी निघाली, पण तिच्या मागे खोलवर कॅन्सर होता आणि तो सुरुवातीच्या टप्प्यात होता.

शुगर, फिट आणि टेन्शनसुद्धा

हे फक्त कॅन्सरपुरतं नाही.

रक्तातली साखर एकदम कमी झाली की श्वासातलं आयसोप्रीन नावाचं रसायन वाढतं, असं केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये टाइप १ डायबिटीस असलेल्या आठ महिलांच्या अभ्यासात दिसलं. शुगर 'लो' झाल्यावर काही कुत्रे मालकाला उठवतात ते कदाचित याच वासामुळे.

२०१९ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी पाच प्रशिक्षित कुत्र्यांना फिट येणाऱ्या माणसांच्या श्वासाचे आणि घामाचे नमुने हुंगायला दिले. फिट आलेल्या वेळचा नमुना त्यांनी बाकीच्या नमुन्यांमधून वेगळा काढला. पाचपैकी तीन कुत्र्यांनी तर एकदाही चूक केली नाही.

कोरोनाच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, फिनलंडच्या हेलसिंकी विमानतळावर प्रवाशांचे नमुने तपासायला कुत्रे बसवले होते. आपल्या भारतीय लष्करानेही फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीत असे कुत्रे दाखवले. त्यात कॉकर स्पॅनियल होता आणि आपल्या तमिळनाडूतली चिप्पीपराई जातही होती.

आणि टेन्शन? २०२२ साली बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत ३६ जणांना तोंडी गणितं घालून घाम फोडला. गणिताआधीचा आणि गणितानंतरचा श्वास-घामाचा नमुना घेतला. चार कुत्र्यांनी मिळून जवळपास ९४ टक्के वेळा टेन्शनवाला नमुना बरोबर ओळखला. माणूस समोर नव्हता, चेहरा दिसत नव्हता, आवाज नव्हता. फक्त वास होता.

फक्त नाकच नाही, डोळे आणि कानही

घरातला कुत्रा दिवसभर दुसरं काय करतो? तुमच्याकडे बघतो. तुम्ही किती वाजता उठता, पायऱ्या कशा उतरता, चप्पल घालताना कोणता पाय आधी पुढे करता, हे सगळं त्याच्या डोक्यात बसलेलं असतं. गुडघा दुखायला लागला की चाल बदलते. बरं नसलं की आवाज खाली येतो, हालचाल मंदावते. घरच्यांच्या लक्षात यायच्या आधी त्याच्या लक्षात येतं, कारण घरच्यांच्या हातात मोबाईल असतो आणि त्याच्या हातात काहीच नसतं.

रडण्याचं घ्या. २०१२ साली लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजच्या संशोधकांनी १८ कुत्र्यांसमोर मालकाला आणि एका अनोळखी माणसाला खोटं रडायला, गुणगुणायला आणि गप्पा मारायला सांगितलं. रडताना १५ कुत्रे जवळ गेले, गुणगुणताना फक्त ६. विशेष म्हणजे अनोळखी माणूस रडत असला तरी कुत्रे मालकाकडे न जाता त्या रडणाऱ्याकडेच जात होते.

याला दुसऱ्याचं दुःख समजणं म्हणायचं, की रडणाऱ्याजवळ गेलं की लाड होतात हे शिकणं म्हणायचं? यावर अजूनही वाद चालू आहे. पण ज्याला बरं नाही त्याच्या दृष्टीने उत्तर काहीही असलं, तरी मांडीवर ठेवलेलं डोकं खरंच असतं.

मांजराचं काय?

मांजरांवर असं संशोधन फार कमी झालंय. कारण उघड आहे, मांजर प्रयोगशाळेत कुणाचं ऐकत नाही. पण जगातली सगळ्यात गाजलेली गोष्ट मात्र मांजराचीच आहे.

अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात प्रॉव्हिडन्स शहरात स्टीअर हाऊस नावाचं नर्सिंग होम आहे. तिथल्या स्मृतिभ्रंशाच्या पेशंट्सच्या मजल्यावर ऑस्कर नावाचा बोका होता. एरवी तो फारसा प्रेमळ नव्हता. पण एखाद्या पेशंटचे शेवटचे काही तास राहिले की तो त्या खोलीत जायचा, पलंगावर चढायचा आणि शेजारी अंग टाकायचा. २००७ साली डॉ. डेव्हिड डोसा यांनी याबद्दल 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लेख लिहिला, तोपर्यंत असं २५ पेशंट्सच्या बाबतीत घडलं होतं. पुढे तर ऑस्कर पलंगावर दिसला की कर्मचारी नातेवाइकांना फोन करायचे.

आपल्याकडे हे ऐकून लोक म्हणाले असते, "यमदूतच की हा!" रात्री कुत्रं रडलं की आजही कितीतरी घरांत आजीच्या छातीत धस्स होतं. पण ऑस्कर मृत्यू आणत नव्हता. शेवटच्या टप्प्यात शरीरात जी रसायनं तयार होतात त्यांचा वास त्याला येत असावा, असा डॉक्टरांचा अंदाज होता. काहींच्या मते पेशंटला पांघरलेल्या उबदार ब्लँकेटची ओढ त्याला असावी. मांजरांना ३० अंशांच्या वरचं तापमान सुखाचं वाटतं, त्यामुळे ताप आलेला माणूस म्हणजे त्यांच्यासाठी शेगडीच. कारण काहीही असो, जे पेशंट एकटेच गेले असते, त्यांच्याजवळ शेवटी कुणीतरी होतं.

मग कुत्र्याच्या भरवशावर राहायचं का?

अजिबात नाही. आणि हा भाग नीट वाचा, कारण सोशल मीडियावरच्या व्हिडिओंमध्ये हा सांगितला जात नाही.

वर दिलेले कुत्रे महिनोन्महिने शिकवलेले होते आणि समोर ठेवलेल्या नमुन्यांचा वास घेत होते. घरात, गोंधळात, दिवसरात्र हे काम करणं वेगळं. २०१७ साली अमेरिकेत टाइप १ डायबिटीस असलेल्या आठ जणांच्या प्रशिक्षित कुत्र्यांची तुलना शुगर मोजणाऱ्या यंत्राशी केली. शुगर लो झाल्याच्या फक्त ३६ टक्के वेळा कुत्र्यांनी इशारा दिला. आणि त्यांनी दिलेल्या दर शंभर इशाऱ्यांपैकी बारा खरे निघाले. हे प्रशिक्षित कुत्र्यांचं झालं. घरच्या मोत्याने इशारा दिला नाही म्हणून कुणी शुगर तपासली नाही, तर ते जिवावर बेतू शकतं.

दुसरं म्हणजे आपली आठवण. कुत्रा ज्या दिवशी जवळ येऊन बसला आणि दुसऱ्या दिवशी ताप आला, तो दिवस आपल्याला आठवतो. तो उगाच येऊन बसला आणि काहीच झालं नाही, असे शंभर दिवस आपण विसरून जातो.

मग काय करायचं?

- कुत्रा किंवा मांजर शरीराच्या एकाच जागेला पुन्हापुन्हा हुंगत, चाटत किंवा खाजवत असेल, आणि हे रोज होत असेल, तर घाबरू नका आणि त्याला हाकलूही नका. ती जागा नीट बघा. गाठ, बदललेला तीळ, न भरणारी जखम दिसली तर डॉक्टरांना दाखवा.
- तसं काही न करता तो शांत असेल, तर "कुत्र्याने काही सांगितलं नाही, म्हणजे बरं आहे" असं समजू नका. तपासण्या ठरलेल्या वेळी करा.
- कुत्र्याच्या जिभेत औषध असतं म्हणून जखम चाटू देऊ नका. त्याच्या लाळेत जंतू असतात. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला तर त्याने हमखास त्रास होऊ शकतो.

आणि एक उलटी गोष्ट. कुत्र्या-मांजरांना आपलं दुखणं कळतं, पण त्यांचं दुखणं आपल्याला कळतं का? मांजर तर दुखणं लपवण्यात पटाईत. खाणं कमी होणं, कोपऱ्यात जाऊन बसणं, उडी मारायचं टाळणं, हात लावला की फिस्कारणं, एवढंच काय ते दिसतं. त्यांना आपला कालचा वास आणि आजचा वास यातला फरक कळतो. आपल्याला त्यांचं कालचं वागणं आणि आजचं वागणं यातला फरक कळला, तरी पुरे. व्हेटकडे वेळेत नेता येईल.

मुक्या जनावराला सगळं कळत नाही. पण काहीतरी बदललंय, एवढं त्याला आपल्या आधी कळतं. कारण ते रोज आपल्याकडे लक्ष देऊन असतं.